घरी दमदार ई-सायकल बांधताना सुटे भाग कसे निवडावेत

पहिली ई-सायकल बांधायला घेतली तेव्हा मी सगळ्यांत आधी मोटर आणली. खोक्यावर ‘१००० वॉट’ असं ठसठशीत छापलेलं. मग कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जाणार ते ठरवणारा डबा, आला, आणि शेवटी हाताशी होती ती ४८ व्होल्टची बॅटरी जोडून टाकली. सपाट रस्त्यावर सायकल सुसाट. तिसऱ्या दिवशी चढाच्या मधोमध, मागून गाड्या येत असताना, सगळं एकदम गप्प. डिस्प्ले काळा, मोटर थंड. उतरून कडेला ढकलत नेली, दोन मिनिटांनी बटण दाबलं तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू. शंभर मीटरवर पुन्हा तेच.

कारण सापडायला आठवडा गेला. कंट्रोलर ३० अँपिअर मागत होता आणि बॅटरीच्या पोटातलं संरक्षण-सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, ते २० च्या वर गेलं की दार लावून घेत होतं. सपाटीवर तेवढी मागणीच होत नव्हती, म्हणून दोन दिवस कळलं नाही. एकही भाग बिघडलेला नव्हता. सोयरीक चुकली होती.

नवे लोक भेटले की पहिला प्रश्न ‘कुठली मोटर घेऊ?’ हाच असतो. इथे मोटर चौथ्या पायरीवर येईल. तोवर पैसे खिशातच राहू द्या.

पायरी १: रस्ता मोजा

कागदावर चार आकडे लिहा. घर ते कामाची जागा हे अंतर, वाटेतला सगळ्यांत अवघड चढ, तुमचं बॅगेसकट वजन आणि सपाटीवर हवा असलेला वेग. चढ टक्क्यांत मोजतात: १०० मीटर पुढे जाताना रस्ता ८ मीटर वर गेला तर तो ८ टक्के. चढाची लांबीही लिहा. ५० मीटरचा पुलाचा चढ आणि ३ किलोमीटरचा घाट यांचे टक्के सारखे असले तरी मोटरच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं आहेत.

वेगाचा आकडा लिहिताना हात जरा आवरा. हवेला कापत जायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा, आणि बसणं ताठ, जसं आपण रोजच्या कपड्यांत बसतो. ताशी २५ किलोमीटरला चाकाशी साधारण १८० वॉट पुरतात. ३५ ला ४१५ च्या आसपास लागतात. ४५ ला ८०० च्या वर. म्हणजे वेग दुप्पटही झाला नाही, पण ताकद साडेचारपट झाली. आणि ८ टक्क्यांचा चढ ताशी २० ने चढायचा असेल तर ५९० वॉट.

मोटर आणि कंट्रोलर मिळून यातला साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत घालवतात, म्हणून त्या चढासाठी बॅटरीतून ७४० वॉट निघतात. माझं मत विचाराल तर बॅटरीतून १००० वॉट ओढू शकणारी सायकल रोजच्या ये-जासाठी भरपूर दमदार आहे. ३००० वॉटची हौस असलेल्यांनी सरळ स्कूटर घ्यावी. तिची चौकट, ब्रेक आणि टायर त्या कामासाठीच घडवलेले असतात.

पायरी २: कायदा वाचून घ्या

ही पायरी छोटी आहे, पण ती सोडून दिली तर अपघाताच्या वेळी महागात पडते. युरोपीय संघात पॅडल मारताना साथ देणारी सायकल २५० वॉट अखंड क्षमता आणि ताशी २५ किलोमीटर या हद्दीत असेल तरच ती ‘सायकल’. भारतातही २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत अशीच रेघ आहे. अमेरिकेच्या केंद्रीय व्याख्येत ती ७५० वॉट आणि ताशी २० मैल. या रेघेपलीकडची सायकल कायद्याच्या नजरेत मोटार वाहन ठरू शकते, म्हणजे नोंदणी, परवाना आणि विमा यांचा प्रश्न आला. तुमच्या गावची रेघ बघा आणि सार्वजनिक रस्त्यासाठी कंट्रोलरमध्ये मर्यादा बांधून ठेवा.

पायरी ३: सायकल

घरात पडलेली कुठलीही सायकल चालत नाही. चौकट शक्यतो पोलादी घ्या. ॲल्युमिनियमची चालते, पण ती वाकून इशारा देत नाही, थेट तडकते. कार्बनच्या वाटेला जाऊ नका. समोरचा फोर्क ॲल्युमिनियमचा किंवा सस्पेन्शनवाला असेल तर पुढच्या चाकात दमदार हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी मोटर, बसवायचा विचार सोडा.

हे का, ते जवळून बघण्यासारखं आहे. हब मोटरचा आस गोल नसतो. १२ किंवा १४ मिलिमीटरचा दांडा दोन बाजूंनी तासून १० मिलिमीटर जाडीचा केलेला असतो, आणि तो सपाट भाग चौकटीच्या खाचेत, म्हणजे ड्रॉपआउटमध्ये बसतो. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आस तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. मोटर ६० न्यूटन-मीटर देत असेल, तर जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीच्या त्या सपाट भागातून खाचांच्या कडांवर शेकडो किलोच्या वजनाइतका जोर पडतो. खाच रुंदावली की आस गरकन फिरतो, आतून येणाऱ्या वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निसटतं. पुढचं चाक निसटलं तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

याला उपाय म्हणजे टॉर्क आर्म. पोलादी पट्टी, एका टोकाला आसावर घट्ट बसणारं भोक, दुसरं टोक चौकटीला दूरवर बांधलेलं. लांब हातामुळे तोच पीळ कमी जोरात पेलला जातो. पट्टी आसावर खुळखुळत असेल तर ती नसल्यासारखीच. ५०० वॉटच्या वरच्या मागच्या मोटरला एक तरी लावाच, आणि मोटर रीजन ब्रेकिंग (ब्रेक मारताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत घेणं) करत असेल तर दोन्ही बाजूंना, कारण तेव्हा पीळ उलटसुलट बसतो आणि नट हळूहळू सैल होतात.

ब्रेक मोटरच्या आधी सुधारा. ताशी २५ ऐवजी ४५ ने जाताना थांबवायची ऊर्जा सव्वातीनपट होते. हायड्रॉलिक डिस्क आणि पुढे किमान १८० मिलिमीटरची तबकडी असावी. रिमला घासणारे रबरी ब्रेक पावसात काय करतात ते ज्याने अनुभवलंय तो वाद घालणार नाही. टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद, पंक्चर-रोधक पट्टा असलेले. रुंद टायर हे तुमचं फुकटचं सस्पेन्शन आहे.

आता खाचेचं माप घ्या. मागे बहुतेक हब मोटरना १३५ मिलिमीटर लागतात, पुढे १००. मिड-ड्राइव्ह, म्हणजे पॅडलच्या जागी बसणारी मोटर, लावायची असेल तर पॅडलच्या आसाची नळी, बॉटम ब्रॅकेट, मोजा. बहुतेक किट ६८ ते ७३ मिलिमीटरच्या, आट्यांच्या नळीसाठी असतात. प्रेस-फिटवाली, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायची नळी असेल तर अडॅप्टरचा घोळ सुरू होतो.

पायरी ४: मोटर

तीन जाती आहेत.

गिअरवाल्या हबमध्ये आत छोटी मोटर भरभर फिरते, आणि तिच्या साधारण पाच फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. आत बहुधा नायलॉनची तीन दंतचक्रं आणि एक फ्रीव्हील असतं, त्यामुळे मोटर बंद असताना सायकल मोकळी पळते. वजन ३ ते ४ किलो. खोड एकच: तापणारा भाग कवचाच्या आत आणखी एका कवचात बंद, म्हणून उष्णता बाहेर यायला वेळ लागतो.

डायरेक्ट ड्राइव्ह हब म्हणजे चाकच मोटर. बेअरिंग सोडलं तर झिजायला काही नाही. थोडी ऊर्जा ब्रेक मारताना परत येते. वजन ६-७ किलोच्या पुढे, आणि बंद असताना पॅडल मारलं तर चुंबकांची ओढ पायाला जाणवते.

मिड-ड्राइव्ह पॅडलच्या जागी बसते आणि सायकलचेच गिअर वापरते. बाफांगची बीबीएस०२ आणि तिची थोरली बहीण बीबीएसएचडी ही यातली घरोघरची नावं. पहिली ७५० वॉटपर्यंत, दुसरी १००० वॉटची. चढावर खालचा गिअर टाकता येतो म्हणून मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते, कमी तापते.

चढावर कोण का हरतं याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. मोटरचा जोर तिच्यातल्या प्रवाहाबरोबर वाढतो, पण तांब्याच्या तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दुप्पट जोर, चौपट तापणं. हब मोटरला बदलता येणारे गिअर नाहीत, त्यामुळे घाटात वेग पडला तरी तोच जोर तिला सतत द्यावा लागतो. पुलाचा चढ ती सहज खाते. घाट तिला खातो.

तरीही, मधूनमधून लहानसहान चढ असलेल्या वाटेला मी मागच्या चाकातली हब मोटर सुचवतो, आणि कारण कार्यक्षमतेचं नाही. मिड-ड्राइव्हची सगळी ताकद चेनमधून जाते. चेन आणि मागची दंतचक्रं लवकर झिजतात, गिअर बदलताना मोटर ओढत असेल तर कडाड आवाज होतो, आणि चेन तुटली की मोटर व बॅटरी शाबूत असूनही तुम्ही पायी. हबवाल्याची चेन तुटली तरी तो थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता नुसत्या मोटरच्या जोरावर, कामाला पोचतो. मिड-ड्राइव्हच घ्यायची ठरली तर ८ किंवा ९ गिअरची जाड चेन, पोलादी दंतचक्रं आणि गिअर बदलताना मोटर क्षणभर थांबवणारा शिफ्ट सेन्सर घ्या. हबवाल्यांची वेगळी रड आहे. मागचं चाक पंक्चर झालं की वायर सोडा, नट सोडा, टॉर्क आर्म सोडा. आपल्या नटाच्या मापाचा पाना कायम पिशवीत ठेवा, ती सायकलवाल्यांच्या नेहमीच्या पान्यांतली मापं नाहीत.

खोक्यावरच्या वॉटवर विश्वास ठेवू नका. तीच मोटर एका दुकानात ५०० ची असते, दुसऱ्यात १००० ची. बॅटरीतून किती वॉट निघणार ते कंट्रोलर ठरवतो. मोटर फक्त किती वेळ न जळता सोसेल ते सांगते. म्हणून वजन विचारा. तांबं आणि लोखंड जितकं जास्त तितकी सोसण्याची ताकद, आणि वजनाचा काटा जाहिरातीपेक्षा खरं बोलतो.

दुसरा प्रश्न मोटरमधल्या तारेच्या गुंडाळणीचा: एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे फिरते? हिशेब घरी करता येतो. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. ताशी ४० किलोमीटर हवे तर मिनिटाला ३२२ फेरे. भाराखाली मोटर आपल्या मोकळ्या वेगाच्या ८० टक्क्यांच्या आसपास चालते, म्हणून मोकळी ४०० फिरली पाहिजे. ४८ व्होल्टने भागा: व्होल्टमागे ८.३ फेरे. तीच मोटर ३६ व्होल्टवर लावली तर जेमतेम ३० चा वेग मिळेल. वेगवान गुंडाळणी घेऊन ती जड चढावर हळू चालवणं ही मोटर जाळायची खात्रीची रीत आहे.

हा हिशेब कंटाळवाणा वाटत असेल तर कॅनडातल्या ग्रिन टेक्नॉलॉजीजचा मोटर सिम्युलेटर इंटरनेटवर मोफत आहे. मोटर, बॅटरी, कंट्रोलर, चाक आणि चढ निवडला की वेग, कार्यक्षमता आणि किती मिनिटांत मोटर तापून जाईल हे समोर दिसतं. काही विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ त्यावर घालवा.

पायरी ५: बॅटरी

इथे थांबून वाचा. सायकलचा सगळ्यांत महाग भाग हाच, आणि चुकला तर आग लावू शकणारा भागही हाच.

आधी व्होल्टेज. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६, आणि ३ च्या आसपास रिकामा. असे १३ सेल एकापुढे एक जोडले की ‘४८ व्होल्ट’ची बॅटरी होते, जी पूर्ण भरल्यावर ५४.६ दाखवते. १४ जोडले की ‘५२ व्होल्ट’, भरल्यावर ५८.८. २० जोडले की ‘७२ व्होल्ट’, भरल्यावर ८४. डीसी विजेसाठी ६० व्होल्ट ही साधारण सुरक्षिततेची रेघ मानली जाते. पहिल्यांदा बांधणाऱ्याने ४८ किंवा ५२ वरच राहावं. ७२ ला चूक केली तर बोटांना कळतं.

मग क्षमता. ताशी २५ ने किलोमीटरमागे साधारण ९ वॉट-अवर जातात, ३५ ने १५, ४५ ने २२-२३. समजा एका बाजूचं अंतर १५ किलोमीटर, वेग ३५, आणि कामाच्या जागी चार्जिंगची सोय नाही. ३० किलोमीटर गुणिले १५ म्हणजे ४५०. यावर किमान ४० टक्के वाढवा: समोरचा वारा, थंडी, वळसे आणि दोन वर्षांनी घटणारी क्षमता. झाले ६३०. ४८ व्होल्टची १४ अँपिअर-अवरची बॅटरी ६७२ वॉट-अवर देते. जमलं.

तिसरा आकडा नवे लोक विसरतात, मीही विसरलो होतो: बॅटरी एका वेळी किती प्रवाह देऊ शकते. बॅटरीवर ‘१३ एस ४ पी’ लिहिलेलं असतं, म्हणजे १३ ची माळ आणि प्रत्येक जागी ४ सेल शेजारी शेजारी. सॅमसंगचा ३५ई हा नेहमी दिसणारा १८६५० मापाचा सेल घ्या, ३५०० मिलिअँपिअर-अवरचा. त्याला सतत ८ अँपिअर सोसतात, म्हणून चार सेलचे कागदावर ३२. पण कायम हद्दीवर चालवलं की सेल तापतात, व्होल्टेज खाली बसतं आणि आयुष्य घटतं. २० अँपिअर ओढले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ येतात. तो सुखाचा संसार.

आता फसवणूक ओळखायची घरगुती युक्ती. १८६५० सेल साधारण ४८ ग्रॅमचा असतो आणि चांगल्यातला चांगलाही ३५००-३६०० च्या फार पुढे जात नाही. १३ गुणिले ४ म्हणजे ५२ सेल, नुसत्या सेलचंच वजन अडीच किलो. त्यावर पट्ट्या, बीएमएस, डबा. कुणी ४८ व्होल्ट १४ अँपिअर-अवरची बॅटरी दोन किलोची सांगत असेल तर आत तेवढे सेल नाहीतच. मी एकदा स्वस्तात घेतलेली बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि विकणाऱ्याला फोटो पाठवला. पैसे परत मिळाले नाहीत, पण तेव्हापासून वजन आधी विचारतो.

पहिली बॅटरी स्वतः जोडू नका. लॅपटॉपमधून काढलेल्या जुन्या सेलांची तर मुळीच नको. स्पॉट वेल्डिंग चुकलं, निकेलच्या पट्टीची कड इन्सुलेशनवर घासत राहिली, की महिन्यांनी, रात्री, चार्जिंगला लावलेली असताना ते उघडकीला येतं. ई-सायकलींच्या बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींनंतर न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये कायदाच केला की प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकता येणार नाहीत. तिथे बॅटरीसाठी यूएल २२७१ हे मानक लागतं. तुमच्याकडे सक्ती नसली तरी ते नाव शोधा.

चार्जर बॅटरीच्याच मापाचा: १३ सेलच्या माळेला ५४.६ व्होल्ट. ५८.८ चा चार्जर त्याच आकाराच्या पिनचा असतो आणि मुकाट्याने बसतो, म्हणून दोन बॅटऱ्या असतील तर चार्जरवर रंगीत टेप लावा. शून्य अंशाखाली थंड झालेली बॅटरी चार्ज करू नका. रोज ८०-९० टक्के भरणं पुरत असेल तर तेवढंच भरा, सेल जास्त वर्षं टिकतात. पण महिन्यातून एखाद्या वेळी पूर्ण भरा, म्हणजे बीएमएसला सगळे सेल एका पातळीवर आणता येतात. आणि चार्जिंग घराबाहेर पडायच्या वाटेवर नको.

लिथियम आयर्न फॉस्फेट हा दुसरा पर्याय. जास्त वेळा चार्ज होतो आणि बिघाडात शांत राहतो. मात्र तेवढ्याच ऊर्जेला तो जड आणि मोठा पडतो. कॅरिअरवाल्या मालवाहू सायकलला ठीक, चौकटीच्या त्रिकोणात मात्र सहसा बसत नाही.

त्रिकोणावरून आठवलं. बॅटरी मागवायच्या आधी तिच्या मापाचा पुठ्ठा कापून चौकटीत धरून बघा. नुसती लांबी-रुंदी जुळून भागत नाही. बॅटरी तळपट्टीवरून काढताना वर सरकवावी लागते, तेवढी जागा वर उरते का ते बघायचं असतं. पाण्याच्या बाटलीसाठीचे दोन बोल्ट चार-पाच किलोच्या बॅटरीला खड्ड्यांत पुरत नाहीत. मध्ये एक रुंद पट्टा आवळा. मागच्या कॅरिअरवर बॅटरी ठेवायचा मोह टाळा, वजन उंच आणि मागे गेलं की सायकल वळणावर झोकांड्या देते.

पायरी ६: कंट्रोलर

आता सोयरीक. नियम एवढाच: बीएमएसची अखंड प्रवाहमर्यादा कंट्रोलरच्या कमाल प्रवाहाच्या किमान सव्वापट असावी. कंट्रोलर २० चा तर बीएमएस २५ किंवा ३० चा. ४८ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे ९६० वॉट, आपल्या कागदावरच्या चढाला लागणाऱ्या ७४० पेक्षा जास्त. पुरे.

व्होल्टेजची हद्द पूर्ण भरलेल्या बॅटरीशी ताडून बघा. ४८ व्होल्टच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये ६३ व्होल्टचे कपॅसिटर असतात. ५२ ची बॅटरी ५८.८ पर्यंत जाते, म्हणजे चालते पण कडेकडेने. ७२ लावली तर फट्.

सस्ते कंट्रोलर मोटरला चौकोनी लहरी देतात, त्यामुळे हळू वेगाला घरघर होते. गुळगुळीत लहरी देणारे, म्हणजे साइन वेव्ह किंवा एफओसी पद्धतीचे, शांत चालतात आणि थ्रॉटलही मऊ लागतो. रोज चालवायची असेल तर फरकाचे पैसे द्यावेत. बेंजामिन वेडर यांनी सुरू केलेला व्हीईएससी हा ओपन सोर्स कंट्रोलर अप्रतिम आहे, पण पहिल्या सायकलसाठी नव्हे. त्याच्या सेटिंगमध्ये शिरलात की सायकल महिनाभर भिंतीलाच टेकलेली राहील.

मोटर आणि कंट्रोलर शक्यतो एकाच विक्रेत्याकडून जोडीने घ्या. मोटरमधून तीन जाड वायरी आणि चुंबकांची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक निघतात. रंग जुळले म्हणजे क्रम जुळलाच असं नाही. जाड तीन आणि हॉलच्या सिग्नलच्या तीन यांच्या मिळून ३६ जोडण्या होतात, आणि त्यांतल्या मोजक्याच मोटर नीट पुढे फिरवतात. बाकीच्यांत ती थरथरते, ओरडते किंवा उलटी धावते.

पायरी ७: हाताशी आणि पायाशी

थ्रॉटल अंगठ्याचा घ्या. मूठ पिळायचा नको. एकदा मी सायकल चालू ठेवूनच जिन्याच्या पायऱ्यांवरून उतरवत होतो, उजवा हात सवयीने मुठीवर. पाय घसरला, मूठ आवळली गेली, आणि सायकलने मला कठड्यापर्यंत फरफटत नेलं. ढोपराची खूण अजून आहे. अंगठ्याच्या थ्रॉटलला अशी पकड मिळत नाही.

ब्रेकच्या दांड्यात मोटरची वीज तोडणारा स्विच हवाच, दोन्ही बाजूंना. हायड्रॉलिक ब्रेकवर चिकटवायचे चुंबकी सेन्सर मिळतात.

पॅडलला साथ देणारे सेन्सर दोन प्रकारचे. साधा सेन्सर फक्त पॅडल फिरतंय का बघतो, टॉर्क सेन्सर किती जोराने ते मोजतो. टॉर्कवाला चालवायला फारच सुंदर. पण थ्रॉटलला परवानगी असेल आणि पैसे मोजकेच असतील तर ते ब्रेकवर घाला.

पायरी ८: वायरी

३० अँपिअरपर्यंत १२ गेजची सिलिकॉन वायर, म्हणजे तांब्याचा छेद साधारण ३.३ चौरस मिलिमीटर. बॅटरीच्या अगदी जवळ डीसी रेटिंगचा फ्यूज. एसीचा फ्यूज डीसीची ठिणगी विझवेलच याचा भरवसा नाही.

बॅटरी कंट्रोलरला जोडताना ‘चट्’ करून ठिणगी उडते ती कंट्रोलरच्या कपॅसिटरची, ते एका क्षणात भरतात. दरवेळी पिनचा थोडा पत्रा जळतो आणि पुढे तोच कनेक्टर तापू लागतो. एक्सटी ९०-एस या कनेक्टरच्या टोकाशी एक रेझिस्टर असतो, तो आधी हळूच कपॅसिटर भरतो. ठिणगी नाही. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी कनेक्टर, म्हणजे उघड्या पिना चावीच्या जुडग्याला लागणार नाहीत.

हब मोटरची वायर आसातून आत जाते, आणि पावसाचं पाणी त्याच वायरवरून ओघळत मोटरमध्ये शिरतं. वायरला आत जाण्याआधी खाली झोळ द्या, थेंब तिथेच गळतो. याला खर्च शून्य, आणि मी उघडलेल्या दोन गंजक्या मोटरी दोन्ही याच चुकीच्या होत्या.

पायरी ९: आधी टेबलावर

सायकलवर काही कसण्याआधी सगळं टेबलावर जोडा. मल्टिमीटरने बॅटरीचं व्होल्टेज बघा, धन-ऋण दोनदा तपासा. चाक हवेत धरून, कपडे व बोटं लांब ठेवून, थ्रॉटल हळूच द्या. ब्रेक दाबला की मोटर थांबते का? दोन्ही ब्रेकांनी? मग बसवा.

पहिले काही दिवस प्रवाहमर्यादा निम्मी ठेवा. अवघड चढ संपला की थांबून मोटरच्या कवचाला, कनेक्टरला आणि बॅटरीच्या डब्याला हात लावा. मोटर कोमट चालेल. कनेक्टर गरम लागला तर जोडणी सैल आहे. बॅटरी गरम लागली तर चौथी आणि सहावी पायरी पुन्हा वाचण्याऐवजी पाचवी वाचा, चूक बहुधा तिथेच असते. ५० किलोमीटरनंतर आसाचे नट आणि टॉर्क आर्म पुन्हा आवळा. चाकाच्या तारा एकेक करून चिमटीत दाबा. नव्या बांधलेल्या मोटरच्या चाकात दोन-तीन तरी सैल निघतात, आणि सैल राहिली तर तार नेमकी कोपऱ्यात, मोटरच्या कडेशी तुटते.